इंग्रजी कम्पोझिशनची असाइनमेंट: कोणते काम आधी, कोणते नंतर

कम्पोझिशनच्या, म्हणजे इंग्रजी निबंधलेखनाच्या, कोर्समध्ये गुण जातात त्याचे खापर विद्यार्थी आपल्या इंग्रजीवर फोडतात. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो कामांचा क्रम. प्रॉम्प्ट (निबंधासाठी दिलेला प्रश्न) वरवर वाचायचा, लगेच पहिल्या ओळीपासून टाइप करायला बसायचे, शब्दसंख्या भरली की स्पेलिंग तपासायचे आणि फाइल अपलोड करायची. मग पेपर परत येतो तो ‘मुद्दा कोणता?’, ‘हा नुसता सारांश झाला’ असे शेरे घेऊन. व्याकरण तर नीट होते, मग गुण कुठे गेले हे उमगत नाही.

खालचा क्रम हजार ते दीड हजार शब्दांच्या नेहमीच्या निबंधासाठी आहे. काम लहान असेल तर पायऱ्या लवकर उरकतील, पण एकही गाळू नका.

१. प्रॉम्प्ट पेन हातात घेऊन वाचा

प्रॉम्प्टची प्रिंट काढा किंवा तो वहीत उतरवून घ्या. पहिल्यांदा नुसता वाचा. दुसऱ्यांदा वाचताना फक्त क्रियापदांना गोल करा, कारण काम काय करायचे ते तिथेच सांगितलेले असते.

‘समराइझ’ म्हटले असेल तर लेखकाचे म्हणणे थोडक्यात आणि प्रामाणिकपणे मांडायचे, स्वतःचे मत आणायचे नाही. ‘अ‍ॅनलाइझ’ म्हटले असेल तर लेखक काय म्हणतो यापेक्षा ते कसे म्हणतो, कोणती युक्ती वापरतो आणि तिचा वाचकावर काय परिणाम होतो हे उलगडायचे. ‘आर्ग्यू’ असेल तर बाजू घ्यायची आणि ती पुराव्यानिशी लढवायची. ‘रिस्पॉन्ड’ असेल तर आधी लेखकाचे म्हणणे, मग त्यातल्या नेमक्या कोणत्या भागाशी तुम्ही सहमत आहात आणि कोणत्या नाही. ‘कम्पेअर’ असेल तर दोन स्वतंत्र अर्धे निबंध एकापुढे एक ठेवून चालत नाही, एकाच निकषावर दोन्ही गोष्टी शेजारी आणाव्या लागतात.

सर्वांत जास्त घोळ ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये होतो. ऱ्हेटॉरिकल अ‍ॅनालिसिस द्यायला सांगितलेले असते आणि विद्यार्थी लेखकाच्या विषयावर स्वतःचे मत देऊन मोकळा होतो. लेख प्रदूषणावर असला तरी तुमचा निबंध प्रदूषणावर नसतो. लेखकाने आपली विश्वासार्हता, वाचकाच्या भावना आणि तर्क यांचा वापर कसा केला, यावर तो असतो. ईथॉस, पेथॉस, लोगॉस (अनुक्रमे विश्वासार्हता, भावना, तर्क) ही ॲरिस्टॉटलची तीन नावे नुसती उपशीर्षके म्हणून टाकली की विश्लेषण झाले, हाही असाच एक गैरसमज.

तिसऱ्यांदा वाचताना या गोष्टी बाजूला टिपा: शब्दसंख्या, किती स्रोत हवेत आणि कोणत्या प्रकारचे, एमएलए की एपीए (संदर्भ आणि मांडणीच्या दोन ठरलेल्या शैली), कच्च्या मसुद्याची तारीख वेगळी आहे का. रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण ते सांगणारा तक्ता, दिले असेल तर ते आत्ताच वाचा. सादर करण्याच्या रात्री रुब्रिक उघडणाऱ्याला ते फक्त हळहळण्याच्या कामाचे उरते.

तपासणी: प्रॉम्प्ट मिटवून ठेवा आणि ‘या निबंधात मला अमुक करायचे आहे, अमुक वाचकासाठी’ असे दोन वाक्यांत लिहा. लिहिता आले नाही, तर पुढे जाऊ नका. प्राध्यापकांना आत्ताच विचारा. ‘प्रॉम्प्ट कळला नाही’ असे विचारण्याऐवजी ‘मी याचा अर्थ असा घेतला आहे, बरोबर आहे का?’ असे विचारलेत तर उत्तर नेमके मिळते.

२. तारखेपासून उलटे मोजा

शेवटचा दिवस फक्त प्रूफ वाचायला ठेवा. त्याच्या आधीचे दोन दिवस पुनर्लेखनाला. त्याच्याही आधी मसुदा. उरलेला वेळ वाचनाचा आणि विचाराचा. मसुदा आणि पुनर्लेखन यांच्यात निदान एक रात्र जाऊ द्या. लिहून उठल्या उठल्या वाचलेत तर डोळ्यांपुढे कागदावरचे वाक्य येतच नाही, मनातले वाक्य येते.

अंदाजासाठी: बारा पॉइंटचा टाइप आणि दुप्पट ओळ-अंतर असेल तर एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. म्हणजे चार-पाच पानांचा निबंध हा पाच ते सात परिच्छेदांचा ऐवज आहे. त्यात तीन मुद्दे नीट मावतात, आठ मावत नाहीत.

३. वाचन आणि टिपणे

टिपणांच्या पानाचे तीन भाग करा. पहिल्यात लेखकाचे जसेच्या तसे शब्द, अवतरणचिन्हांसह. दुसऱ्यात त्याच मुद्द्याचे तुमच्या शब्दांतले रूप. तिसऱ्यात तुमची स्वतःची प्रतिक्रिया, शंका, आक्षेप. प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक. हा तिसरा भागच पुढे निबंध होतो. तो रिकामा राहिला असेल तर तुम्ही फक्त उतरवून घेतले आहे, वाचलेले नाही.

टिपणे मराठीत काढायला काहीच हरकत नाही. किंबहुना अवघड लेखाचा युक्तिवाद आपल्या भाषेत मांडता आला की तो खरोखर कळला याची खात्री पटते. पण मसुदा मराठीत लिहून मग त्याचे इंग्रजी करू नका. आपली वाक्ये क्रियापद शेवटी ठेवून ऐसपैस पसरतात. ती तशीच उचलून इंग्रजीत नेली की कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला अशी अवस्था होते.

सावधान: मूळ लेख डोळ्यांसमोर ठेवून पॅराफ्रेज करू नका, म्हणजे त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहू नका. चार शब्द बदलले, वाक्यरचना मात्र लेखकाचीच ठेवली, तर त्याला पॅचरायटिंग म्हणतात. नाव दिले तरी ते चुकीचेच धरले जाते आणि पुष्कळ ठिकाणी वाङ्मयचौर्यात मोडते. परिच्छेद वाचा, लेख मिटा, आठवणीतून लिहा, मग उघडून ताडून पाहा. अर्थ बदललेला नाही ना, आणि लेखकाची शब्दयोजना नकळत उतरलेली नाही ना, या दोन्ही गोष्टी बघायच्या. एखादा शब्दसमूह लेखकाचाच हवा असेल तर सरळ अवतरणात टाका. आणि पॅराफ्रेजलाही संदर्भ द्यावाच लागतो. शब्द तुमचे असले तरी कल्पना त्याचीच असते.

४. थिसिस: इथे घाई नको

थिसिस म्हणजे निबंधाचा मुख्य दावा सांगणारे वाक्य. सगळा निबंध या एका वाक्यावर तोललेला असतो, म्हणून इथे जरा थांबू. विषय घ्या: वर्गात मोबाइल वापरण्यावर बंदी.

पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो: ‘मोबाइलचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.’ हे कोणी नाकारेल का? नाही. मग ते सिद्ध करायला पाच पाने कशाला हवीत? ज्या वाक्यावर कोणी हुज्जत घालू शकत नाही, ते थिसिस होत नाही.

दुसरा प्रयत्न: ‘वर्गात मोबाइलवर बंदी असावी.’ आता बाजू घेतली, पण कारण कळत नाही. वाचक विचारणार, ‘का?’ त्याचे उत्तर निबंधभर विखुरलेले असेल तर वाचणाऱ्याने ते वेचत बसायचे.

तिसरा प्रयत्न: ‘वर्गात मोबाइलवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा तो कधी वापरायचा हे त्या-त्या तासाच्या कामाप्रमाणे ठरवावे, कारण बंदी आली की विद्यार्थ्याचे लक्ष पकडले न जाण्यात गुंतते.’ यात बाजू आहे, कारण आहे आणि विरोधकाला जागाही आहे. ‘मग नियम पाळायला कोण लावणार?’ असा आक्षेप तो लगेच घेऊ शकतो. आक्षेप घेता येतो म्हणजे थिसिस जिवंत आहे. तोच आक्षेप तुमच्या एका परिच्छेदाचा विषय होईल.

हे वाक्य पहिल्या दिवशी पक्के होत नाही, होऊही नये. याला कामचलाऊ थिसिस समजा. मसुदा लिहिताना मत सरकले तर थिसिस बदला. जुन्या थिसिसखाली नवे मत लिहिलेले निबंध तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतात, कारण त्यांचा समारोप सुरुवातीपेक्षा हुशार असतो.

तपासणी: थिसिसच्या पुढे ‘कशावरून?’ आणि ‘बरं, मग काय?’ हे दोन प्रश्न लिहा. दोन्हींची उत्तरे देता आली तर आराखड्याकडे वळा.

५. आराखडा: शीर्षके नकोत, वाक्ये हवीत

‘प्रस्तावना, मुद्दा एक, मुद्दा दोन, समारोप’ हा आराखडा नव्हे, ती रिकामी खोकी आहेत. प्रत्येक परिच्छेद काय म्हणणार ते एका पूर्ण वाक्यात लिहा. मग ती वाक्ये थिसिसच्या खाली ओळीने वाचा. एखादे काढून टाकले तरी काही बिघडत नसेल तर ते काढाच. दोन वाक्यांची अदलाबदल करूनही फरक पडत नसेल तर त्यांच्यात नाते नाही, नुसती यादी आहे. शाळेतल्या ‘फायदे, तोटे, उपाय’ साच्यात नेमके हेच होते.

६. मसुदा: मधून सुरू करा

प्रस्तावना शेवटी लिहा. अजून जे लिहिलेच नाही, त्याची ओळख कशी करून देणार? मधला सर्वांत सोपा वाटणारा परिच्छेद आधी घ्या.

परिच्छेदाची बांधणी जवळून पाहू. कच्चा परिच्छेद असा असतो:

‘मोबाइलमुळे लक्ष विचलित होते. एका लेखकाच्या मते नोटिफिकेशनचा नुसता आवाजही लक्ष तोडतो. तसेच मोबाइलवर शब्दकोश असतो. म्हणून मोबाइलचा योग्य वापर करावा.’

चार वाक्ये, चार दिशा. लेखकाचा हवाला आला आणि एकटाच उभा राहिला. त्याचा अर्थ काय लावायचा हे वाचकावर सोपवले. आता हाच परिच्छेद सावरू. पहिल्या वाक्यात परिच्छेदाचा दावा: ‘फोन बॅगेत ठेवायला लावल्याने लक्ष आपोआप वर्गात येत नाही.’ मग पुरावा, लेखकाची ओळख करून देऊन: वाचायला दिलेल्या लेखात अमुक लेखक नोटिफिकेशनच्या नुसत्या आवाजाबद्दल काय म्हणतो ते. मग निदान दोन-तीन वाक्ये तुमची: ‘म्हणजे बॅगेतला चालू फोनही तेच काम करतो. बंदीने फोनची जागा बदलते, त्याची ओढ कमी होत नाही. उलट कोणाचा मेसेज आला हे बघता येत नसल्याने ती रेंगाळते.’ आणि शेवटी थिसिसकडे जाणारा धागा: ठरावीक वेळी फोन बघायची मुभा असेल तर ही ओढ कमी होईल. शब्दकोशाचा मुद्दा चांगला आहे, पण तो या परिच्छेदाचा नाही. त्याला दुसरी जागा द्या.

पुराव्यापेक्षा त्यावरचे तुमचे बोलणे जास्त लांब हवे. हे प्रमाण उलटे झाले की ‘विश्लेषण कुठे आहे?’ हा शेरा ठरलेला.

परिच्छेदाची सुरुवात किंवा शेवट अवतरणाने करू नका. पहिले आणि शेवटचे वाक्य तुमचे असू द्या.

प्रस्तावना लिहायला घेतलीत की ‘आजच्या धावपळीच्या युगात’ आणि त्याची इंग्रजी भावंडे कटाक्षाने टाळा. सुविचार, शब्दकोशातली व्याख्या, ‘अनादी काळापासून माणूस’ हे सगळे त्याच कुळातले. थेट त्या प्रश्नाजवळ सुरू करा: कोणता वाद आहे, लोक साधारण काय म्हणतात, त्यात काय सुटते, आणि मग थिसिस. चार-सहा वाक्ये पुरतात.

समारोपात ‘म्हणून आपण सर्वांनी’ असा उपदेश नको आणि थिसिसची शब्दशः पुनरावृत्तीही नको. तुमचे म्हणणे मान्य केले तर पुढे काय बदलेल, किंवा ते कुठे लागू पडत नाही, यावर संपवा.

७. पुनर्लेखन: मोठे आधी, लहान नंतर

इथे क्रम मोडला की मेहनत वाया जाते. जो परिच्छेद उद्या कापायचा आहे, त्यातले स्वल्पविराम आज दुरुस्त करत बसू नका.

पहिली फेरी उलट्या आराखड्याची. छापील मसुदा घ्या. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो प्रत्यक्षात काय म्हणतो ते एका वाक्यात लिहा. काय म्हणायचे होते ते लिहू नका. आता फक्त समास वाचा. एकाच परिच्छेदापुढे दोन वाक्ये लिहावी लागली तर तो तोडा. दोन परिच्छेदांपुढे एकच वाक्य आले तर ते जोडा. काहीच लिहिता आले नाही, तर तो परिच्छेद शब्दसंख्येसाठी आलेला आहे.

दुसरी फेरी पुराव्याची. प्रत्येक दाव्याखाली आधार आहे का, प्रत्येक अवतरणानंतर तुमचे बोलणे आहे का, विरुद्ध बाजूचा सर्वांत दणकट आक्षेप घेतला आहे का? लेचापेचा आक्षेप उभा करून पाडण्यात गुण मिळत नाहीत.

पिअर रिव्ह्यू असेल तर तो या फेरीत उपयोगी पडतो. मित्राला ‘कसं वाटलं?’ विचारलेत तर ‘छान आहे’ एवढेच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा: माझा थिसिस तुझ्या शब्दांत सांग. कुठे दोनदा वाचावे लागले? कोणते म्हणणे पटले नाही? त्याने सांगितलेला थिसिस तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळा निघाला, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

८. वाक्यांची फेरी

आता इंग्रजीकडे. मोठ्याने वाचा. मराठी बोलणाऱ्यांच्या लेखनात ठराविक चुका पुन्हा पुन्हा येतात, त्या एकेक धरून शोधा.

आर्टिकल: मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ अशी सोयच नसल्याने ती सुटतात किंवा नको तिथे चिकटतात. मोजता येणारे एकवचनी नाम सापडले की थांबा. त्याच्या आधी आर्टिकल किंवा ‘माय’, ‘धिस’ यासारखा शब्द बहुधा हवाच. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे उच्चारावर ठरते: ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘अ‍ॅन आवर’.

अनेकवचन: ‘इन्फर्मेशन’, ‘रीसर्च’, ‘एव्हिडन्स’, ‘अ‍ॅडव्हाइस’ यांना ‘एस’ लावू नका.

जोडशब्द: आपल्याकडे ‘जरी’ आले की ‘तरी’ लागते. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आले की त्याच वाक्यात ‘बट’ येत नाही. ‘बिकॉज’नंतर ‘सो’ही नाही.

स्वल्पविराम: दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की तो कॉमा स्प्लाइस. ‘हाउएव्हर’ने दुसरे वाक्य सुरू होत असेल तर त्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या.

शब्दयोगी अव्यये: ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, ‘एम्फसाइझ’ला ‘ऑन’ लागत नाही.

काळ: एमएलए शैलीच्या निबंधात लेखक ‘आर्ग्यूज’, म्हणजे वर्तमानकाळ. एपीएमध्ये एखाद्याच्या संशोधनाबद्दल लिहिताना सहसा भूतकाळ. दोन्हींची खिचडी नको.

भारदस्त शब्दांचा मोहही इथेच आवरा. ‘यूज’ पुरत असताना ‘युटिलाइझ’ लिहून कोणी प्रभावित होत नाही. ज्या शब्दाचा वापर तुम्ही आधी कुठे वाचलेला नाही, तो थिसॉरसमधून उचलू नका.

९. संदर्भ आणि मांडणी

हे काम यांत्रिक आहे, पण यात गेलेले गुण फुकट गेलेले असतात. एमएलएची सध्याची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. तिच्यात मजकुरातल्या कंसात लेखकाचे आडनाव आणि पान क्रमांक, मध्ये स्वल्पविराम नाही. शेवटच्या यादीचे शीर्षक ‘वर्क्स सायटेड’. एपीएच्या सातव्या आवृत्तीत आडनाव, स्वल्पविराम आणि वर्ष. थेट अवतरण असेल तर पान क्रमांकही. यादीचे शीर्षक ‘रेफरन्सेस’. दोन्हींत यादी आडनावांच्या वर्णक्रमाने लावायची, चारही बाजूंना एक इंच समास, सगळीकडे दुप्पट ओळ-अंतर आणि यादीत हँगिंग इंडेंट (नोंदीची पहिली ओळ समासापासून, पुढच्या ओळी थोड्या आत).

लांब अवतरण वेगळ्या ठोकळ्यात जाते: एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त असेल तर, एपीएमध्ये चाळीस किंवा त्याहून अधिक शब्द असतील तर. ठोकळ्याला अवतरणचिन्हे लावत नाहीत. छोट्या निबंधात असा ठोकळा शक्यतो टाळाच, त्याने नुसती जागा भरते.

तपासणी: मजकुरातले प्रत्येक नाव यादीत आहे का आणि यादीतले प्रत्येक नाव मजकुरात आहे का? आपोआप सायटेशन बनवणारी साधने नावांचा क्रम आणि कॅपिटल अक्षरे हमखास चुकवतात, त्यांची प्रत्येक नोंद नजरेखालून घाला.

सावधान: एआय साधनांबद्दल तुमच्या कोर्सचा नियम काय आहे ते आधी सिलॅबसमध्ये बघा. नियम सैल असला तरी त्यांनी सुचवलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय वापरू नका. अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेख ही साधने अगदी ठामपणे देतात.

सिमिलॅरिटी रिपोर्टमधला (तुमचा मजकूर इतर मजकुराशी किती जुळतो हे दाखवणाऱ्या अहवालातला) आकडा म्हणजे चोरीचे प्रमाण नसते. नीट दिलेली अवतरणे आणि संदर्भयादीही त्यात जुळू शकतात. आकडा सोडा, रंगवलेली वाक्ये एकेक बघा.

१०. सादर करताना आणि पेपर परत आल्यावर

प्रूफ शेवटच्या परिच्छेदापासून उलटे वाचत या, म्हणजे अर्थाच्या ओघात चुका निसटत नाहीत. फाइल सांगितलेल्या फॉरमॅटमध्ये साठवा, अपलोड केल्यावर ती एकदा उघडून बघा. जुने मसुदे आणि टिपणे पुसू नका. काम तुमचेच आहे का असा प्रश्न निघाला तर तेच पुढे करता येतात.

पेपर परत आला की गुण बघून मिटू नका. शेरे दोन रकान्यांत उतरवा: एकात मांडणीचे, दुसऱ्यात वाक्यांचे. दुसऱ्या रकान्यातली जी चूक सर्वांत जास्त वेळा आली असेल, ती पुढच्या असाइनमेंटच्या आठव्या पायरीत सर्वांत वर लिहा. पहिल्या रकान्यातला शेरा कळला नसेल तर पेपर घेऊन प्राध्यापकांना भेटा आणि त्या शेऱ्याजवळचा परिच्छेद नव्याने लिहूनच न्या. गुणांविषयी बोलायचे असेल तर ते त्यानंतर.